सॅम अँड मॅक्सचा व्हीआर गेम ११ वर्षांच्या भाचीला जमेल का?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी, गेमिंगच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. माझी भाची ११ वर्षांची आहे, दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला येणारे आणि तिला डिटेक्टिव्ह व्हायचंय. नुसतं म्हणण्यापुरतं नाही बरं का, सोसायटीत कोणाची सायकल कधी हलली, कोणाच्या दारात कधी कुरियरवाला आला याची तिने वही ठेवलीय आणि त्यात तारखा वेळा सगळं आहे. माझ्या दिरांनी अमेरिकेहून येताना क्वेस्ट २ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आत आभासी जग दिसतं तो) आणला होता, तो आमच्याकडेच असतो, फारसं कोणी वापरत नाही, म्हणून म्हटलं तिच्यासाठी एखादा छान गेम घेऊन ठेवावा. शोधताना 'सॅम अँड मॅक्स: धिस टाइम इट्स व्हर्च्युअल' सापडला. एक कुत्रा आणि एक ससा गुप्तहेर आहेत आणि आपण त्यांच्या हाताखाली नवीन भरती होऊन ट्रेनिंग घेतो असं काहीतरी दिसतंय. आम्हा दोघींनाही विनोदी गोष्टी आवडतात त्यामुळे एकदम मनात भरला.

पण मला यातलं काहीच माहीत नाही. हे सॅम आणि मॅक्स कोण, जुने गेम खेळले नसतील तर कळेल का, त्यात खरंच तपास वगैरे असतो का नुसती ठाँय ठाँय, इंग्रजी तिला झेपेल का (शाळा सेमी इंग्लिश आहे, वाचायला बरं येतं पण भराभर बोललेलं सगळं पकडता येत नाही), आणि ते घालून चक्कर येते म्हणतात ते कितपत खरं? चष्मा पण आहे तिला. कोणी खेळला असेल तर मोकळेपणाने सांगा, छोटंसं उत्तर दिलंत तरी चालेल.

जुना_माउस

ताई, तुम्ही ज्या गेमचं नाव घेतलंय ना त्या जोडीवर माझा फार जीव आहे त्यामुळे छोटं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही, आधीच सांगतो.

सॅम आणि मॅक्स मूळचे कॉमिकमधले. स्टीव्ह परसेल नावाच्या चित्रकाराने १९८७ मध्ये पहिलं कॉमिक काढलं, पण ही पात्रं त्याची नव्हतीच, त्याच्या धाकट्या भावाची होती. धाकटा लहानपणी कुत्रा आणि ससा गुप्तहेर यांच्या गोष्टी काढायचा आणि अर्धवट सोडून द्यायचा, मग मोठा भाऊ त्याची फिरकी घेत त्या पुऱ्या करायचा, म्हणजे पात्रं एकमेकांची नावंच चुकवतायत, नको तितकं समजावून सांगतायत, आपल्याला किती वाईट काढलंय यावरच बोलतायत. नंतर धाकट्याने ती जोडी रीतसर लिहून देऊन मोठ्याला वाढदिवसाला भेट दिली. तर या दोघांचा विनोद मुळात घरातल्या भावाभावांच्या चिडवाचिडवीतून आलाय आणि आजही तो तसाच लागतो.

सॅम म्हणजे सहा फुटी कुत्रा, सूट, टाय, हॅट, बोलणं एकदम लांबलचक आणि पुस्तकी. मॅक्स म्हणजे पांढरा, ससा म्हणावा असा एक प्राणी (ससा म्हटलेलं त्याला चालतं का हाही एक वादच आहे), अंगात कपडे नाहीत आणि डोक्यात कायम काहीतरी फोडायचं चाललेलं. दोघं स्वतःला फ्रीलान्स पोलीस म्हणवतात. फोन वाजतो, तो कोण उचलणार यावरून मारामारी होते, पलीकडे कमिशनर असतात जे आपल्याला कधी दिसत नाहीत ऐकूही येत नाहीत, आणि मग दोघं गाडीत बसून निघतात.

परसेल नंतर लुकासआर्ट्स या गेम कंपनीत चित्रकार म्हणून लागला. तिथे स्कम नावाचं इंजिन होतं ज्यावर त्यांचे सगळे ॲडव्हेंचर गेम (गोष्ट आणि कोडी असलेले) बनायचे, आणि नवीन प्रोग्रामरना ते शिकवताना सरावासाठी सॅम-मॅक्स आणि त्यांचं ऑफिस वापरायचे. म्हणजे ही जोडी गेममध्ये हिरो व्हायच्या आधीच लोकांना ट्रेनिंग देत होती! मग १९९३ ला 'सॅम अँड मॅक्स हिट द रोड' आला. जत्रेतून एक बिगफूट (दंतकथेतला केसाळ रानमाणूस) पळून गेलाय, त्याच्यामागे अख्खी अमेरिका पालथी घालायची, वाटेत जगातला सगळ्यात मोठा सुतळीचा गोळा वगैरे ठिकाणं लागतात. सॅमचा आवाज बिल फार्मरने दिला होता, डिस्नेच्या गूफीचा आवाज देणारा तोच. तो गेम मी कॉलेजात असताना मित्राच्या घरी खेळलो आणि त्यानंतर मला विनोदी गेम म्हणजे काय हे कोणी वेगळं सांगावं लागलं नाही.

व्हीआरवाल्या गेमचं म्हणाल तर तो हॅपीजायंट नावाच्या स्टुडिओने केलाय, २०२१ च्या जुलैत क्वेस्टवर आला, मग कॉम्प्युटरसाठी स्टीम या ऑनलाइन दुकानात आणि २०२२ मध्ये प्लेस्टेशनच्या व्हीआरवर. चालवणारा माइक लेविन पूर्वी लुकासआर्ट्समध्येच होता, १९९३ च्या गेमचा एक डिझायनर माइक स्टेमली यातही आहे, चित्रकार पीटर चॅन आहे आणि स्वतः परसेल सल्लागार. म्हणजे नाव विकत घेऊन कोणीतरी परक्याने काढलेला गेम नाही हा, घरच्याच माणसांनी केलाय, आणि संवाद ऐकताना ते लगेच कळतं.

जुने गेम खेळलेले नसले तरी काही अडत नाही. तुम्ही नवीन भरती आहात, तुम्हाला काही माहीत नसणं हेच गृहीत धरलंय. घ्या बिनधास्त.

सावकाश_जा

वरच्यांचं प्रेम समजू शकतो पण ११ वर्षांच्या मुलीसाठी विचारलंय म्हणून आधी कामाचं सांगतो.

क्वेस्टचं अकाउंट पूर्वी १३ च्या खाली काढताच येत नव्हतं. २०२३ पासून मेटाने (क्वेस्ट बनवणारी कंपनी) १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीखालचं अकाउंट सुरू केलं, ते तिच्या आईबाबांनी त्यांच्या अकाउंटवरून मंजूर करावं लागतं. हे ती यायच्या आधी बहिणीशी बोलून करून ठेवा, ऐन दिवाळीत फोनवर ओटीपी मागत बसायला नको. तुमच्या दिरांच्या अकाउंटवर तिला तसंच खेळायला देऊ नका, मोठ्यांसाठीचं सगळं उघडं असतं त्यात.

चक्कर येण्याचं कारण साधं आहे, डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण जागेवरच आहोत, या दोघांचं पटत नाही म्हणून मळमळतं. हातातल्या कंट्रोलरवरची छोटी काठी फिरवून सरकत चालायची पद्धत असली की हा त्रास जास्त, आणि जिथे जायचं तिथे बोट दाखवून एकदम पोचायचं, म्हणजे टेलिपोर्ट, ते ठेवलं की बराच कमी. कुठलाही व्हीआर गेम लावला की आधी सेटिंगमध्ये जाऊन टेलिपोर्ट आहे का बघायचं, आणि मान वळवायच्या ऐवजी काठीने वळत असाल तर ते झटक्याझटक्याने वळणारं ठेवायचं, गुळगुळीत वळणारं नको. सुरुवातीला दहापंधरा मिनिटं, मग हेडसेट काढून पाणी प्यायचं, थोडं फिरायचं, बरं वाटत असेल तरच पुन्हा. आणि थोडं जरी गरगरलं की तिथेच थांबायचं, 'आता हा भाग संपवतेच' करायचं नाही, कारण एकदा मळमळलं की ते पुढे बराच वेळ जात नाही.

दुसरं म्हणजे भिंगांमधलं अंतर. क्वेस्ट २ ला तीनच ठिकाणं आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. लहान मुलांच्या बुबुळांमधलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, त्यामुळे तिच्यासाठी सगळ्यात आतलं, ५८ वालं ठेवा. तरीही धूसर दिसतंय म्हणाली तर ताणू नका. हेडसेटचं वजन अर्धा किलोच्या आसपास आहे, ते सगळं पुढून येतं, बारक्या मानेला जाणवतं.

आणि जागा! किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी हवी. आपल्याकडच्या हॉलमध्ये टीपॉय हलवायचा, आणि वर बघायचं, पंखा बंद. हात वर करून काहीतरी फेकायचा गेम आहे हा.

लेन्सवाली

पंख्याचं १००% खरं. आमच्याकडे कंट्रोलर पंख्याला लागलाय आणि पातं वाकलंय. मनगटाचा पट्टा घातल्याशिवाय कोणालाच कंट्रोलर द्यायचा नाही हा नियम तेव्हापासून.

खटला_क्रमांक_दोन

मी थोडं वेगळं बोलणारे, राग मानू नका. मुलीला डिटेक्टिव्ह व्हायचंय, वही ठेवते, तारखा लिहिते. या गेममध्ये तसलं काहीही नाही. पुरावा गोळा करा, साक्षी ताडून बघा, कोण खोटं बोलतंय ते ओळखा, यातलं काही म्हणजे काही नाही. ट्रेनिंग म्हणजे काय तर एका बंद पडलेल्या अम्युझमेंट पार्कमध्ये अडथळ्यांची शर्यत, नेमबाजी, बॉम्ब निकामी करणं, मग राक्षस. कोडी आहेत, पण ती त्या जुन्या ॲडव्हेंचर गेमच्या डोक्याने बनवलेली, म्हणजे सरळ विचार केला तर सुटत नाहीत, वाकडा विचार करावा लागतो. सॅम-मॅक्स केस सोडवतात ती तर्काने कधीच नाही, धडपडून सोडवतात. तिला वहीत टिपणं काढत बसायचं असेल तर ती हिरमुसेल असं मला वाटतं.

शिवाय हातांचा प्रश्न. गेम आला तेव्हा समीक्षकांनी विनोदाचं कौतुक केलं पण वस्तू उचलणं, नेम धरून फेकणं हे किचकट आहे यावर बऱ्याच जणांनी बोट ठेवलं आणि मला ते पटतं. विनोद चालू असताना हातातली वस्तू तिसऱ्यांदा खाली पडली की हसू येत नाही.

खऱ्या तपासाचे व्हीआर गेम आहेत पण ते तिच्या वयाचे नाहीत. 'एल.ए. नॉयर'ची व्हीआर आवृत्ती २०१७ ला आली, त्यात सात केसेस आहेत आणि गंमत म्हणजे तुमच्या हातात खरंच नोंदवही असते, पेन्सिल घेऊन तीत लिहिता येतं, तिला ते वेडच लावेल, पण त्यातले गुन्हे मोठ्यांचेच आहेत, १८ झाल्यावर द्या. त्याच वर्षीचा 'द इनव्हिजिबल अवर्स' पण सुंदर आहे, एका बेटावरच्या बंगल्यात निकोला टेस्लाचा खून झालाय आणि तुम्ही अदृश्य राहून कोणाच्याही मागे मागे फिरू शकता, वेळ मागे पुढे नेऊ शकता. तोही मोठ्यांचाच.

मी तिच्यासाठी 'आय एक्स्पेक्ट यू टू डाय' सुचवेन. शेल गेम्सचा, २०१६ चा. गुप्तहेरच पण हेर या अर्थाने. एका जागी बसून खेळायचा, चालायचं नाही, त्यामुळे चक्कर जवळपास नाहीच, लांबच्या वस्तू बोटाने ओढून घेता येतात. पहिल्याच कामगिरीत तुम्ही विमानाच्या पोटात ठेवलेल्या एका गाडीत बसलेले असता आणि ती गाडी सुरू करून बाहेर काढायची असते, आणि गाडीतलं प्रत्येक बटण तुम्हाला मारायला टपलेलं. चुकलं की मेलात, पुन्हा सुरुवात, आणि मरण्यातच गंमत आहे. त्यात डोकं जास्त लागतं. पुढचे दोन भाग २०२१ आणि २०२३ ला आलेत.

जुना_माउस

हे बघा, शेल गेम्सचा गेम उत्तम आहे यात वादच नाही, ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही घ्यावेत. पण तुम्ही म्हणता 'तपास नाही' ते मला अर्धंच मान्य आहे. तपासाचा अर्धा भाग म्हणजे बघणं. खोलीत उभं राहून चारी बाजूला बघायचं, ड्रॉवर उघडायचं, वस्तू हातात घेऊन उलटी करून बघायची, ही इथे काय करतेय असा प्रश्न पडू द्यायचा. माउस घेऊन खेळताना आम्ही काय करायचो, स्क्रीनवर बाण फिरवत राहायचो, कुठे नाव उमटलं की क्लिक, त्याला बघणं म्हणत नाहीत. व्हीआरमध्ये वस्तूवर नाव लिहिलेलं नसतं, ती तुम्हाला दिसावीच लागते. सायकल कुठून कुठे हलली हे जी मुलगी टिपते तिला हेच तर आवडेल!

आणि वाकडा विचार म्हणालात तर तोही शिकावा की. प्रत्येक गोष्टीचा एकच उपयोग असतो असं शाळेत शिकवतात, इथे उलटं शिकवतात.

बटावणी

मी नाटकवाली आहे, गेमवाली नाही, पण नवऱ्यामुळे हा गेम जवळून बघितलाय, थोडासा खेळलाय, आणि मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते जी वर कोणी बोललं नाही.

आधीच्या गेममध्ये बहुतेक वेळ तुम्ही सॅम असता. म्हणजे विनोद करणारे तुम्हीच, मॅक्स तुमच्या बाजूला. इथे तुम्ही तिसरे आहात. ते दोघं एकमेकांशी बोलतात आणि मधूनच तुमच्याकडे वळतात, तुम्हाला सुनावतात, तुमच्याबद्दल तुमच्यासमोर मतं देतात, आणि तुम्हाला उत्तर द्यायला तोंडच नाही, फक्त हात आहेत. हे आपल्याला अजिबात नवीन नाही. तमाशात गण झाला गवळण झाली की बतावणी असते, त्यात सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांचं चालू असतं, एक सरळ प्रश्न विचारतो आणि दुसरा त्याचं वाट्टेल ते करतो, आणि मध्येच सोंगाड्या समोर बसलेल्या एखाद्याला पकडतो. त्या पकडलेल्या माणसाची जी अवस्था होते, सगळे आपल्याकडे बघतायत आणि हसूही येतंय, तीच अवस्था हा हेडसेट घातल्यावर होते. सॅम सहा फुटी आहे हे चित्रात वाचून काही वाटत नाही हो, तो शेजारी येऊन उभा राहतो आणि मान वर करून बघावं लागतं तेव्हा ते कळतं, आणि मॅक्स कमरेएवढ्या उंचीवरून आपल्याकडे बघत असतो तेव्हा खरंच एक पाऊल मागे जातं.

विनोदी प्रसंग बसवताना आम्ही नेहमी ठरवतो की प्रेक्षकाची नजर आत्ता कुठे असली पाहिजे, कारण वाक्य बोलणारा एकीकडे आणि नजर दुसरीकडे असली तर वाक्य फुकट जातं. व्हीआरमध्ये प्रेक्षक मोकाट, मान कुठेही वळवेल, पाठ करून उभा राहील. म्हणून या माध्यमात विनोद करणं अवघड आहे, आणि म्हणूनच मला वाटतं की यांनी हे 'ट्रेनिंग'चं कथानक घेतलं ते फार हुशारीचं आहे. शिकाऊ माणूस कसा वागतो? गोंधळलेला, भलतीकडे बघणारा, वस्तू पाडणारा. व्हीआरमध्ये पहिल्यांदा आलेला कोणीही तसाच वागतो. तो जे काही चुकीचं करेल ते भूमिकेत बसतं. खटला दादा म्हणतायत वस्तू तिसऱ्यांदा खाली पडली की हसू येत नाही, ते बरोबर आहे, तिथे गेमचा हात खरंच कच्चा आहे, पण शेजारी तिसरं कोणी असेल ना, तर तिसऱ्या वेळेलाच सगळ्यात जास्त हसू येतं. म्हणून हा गेम एकटीने खेळू देऊ नका. बाकी काही नाही ऐकलंत तरी एवढं ऐका ताई.

दुपारचा_चहा

बापरे किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं. सावकाश दादा, अकाउंटचं बहिणीला आजच सांगते, हे मला माहीतच नव्हतं. बटावणी, तुम्ही म्हणता एकटीने नको, पण हेडसेट तर एकच आहे, मी बाजूला बसून काय करणार, मला काहीच दिसणार नाही ना? आणि इंग्रजीचं कोणी बोललं नाही अजून.

सावकाश_जा

दिसेल की. क्वेस्टमध्ये कास्ट करायची सोय आहे, तिला आत जे दिसतंय ते फोनवर, टीव्हीला क्रोमकास्ट असेल तर टीव्हीवर, नाहीतर लॅपटॉपच्या ब्राउझरवर दाखवता येतं. हेडसेट आणि फोन एकाच वायफायवर हवेत. चित्र थोडं मागे पडतं पण बघायला पुरेसं. आवाज दोन्हीकडे येतोय का हे आधी तपासून घ्या.

बे_एरियातून

इंग्रजीबद्दल मी सांगते, माझी मुलं इथेच वाढलीत तरी सॅमचं बोलणं त्यांना पहिल्या फटक्यात कळत नाही, कारण तो मुद्दाम जड जड शब्द वापरतो, एका वाक्यात चार विशेषणं आणि शेवटी भलतंच काहीतरी, आणि जुन्या अमेरिकन गोष्टींचे संदर्भ पेरलेले असतात, रस्त्याकडेची जुनी म्युझियमं, साठ-सत्तरच्या दशकातल्या टीव्ही मालिका, दुकानं. तुमच्या भाचीला त्यातलं निम्मं निसटेल हे धरूनच चाला. पण मॅक्सचं तसं नाही, मॅक्स छोटं बोलतो, मोठ्याने बोलतो आणि लगेच काहीतरी करतो. ११ वर्षांच्या मुलीला मॅक्स शंभर टक्के कळेल. सॅमचं काय ते तुम्ही बाजूला बसून सांगायचं, टीव्हीवर दिसत असेलच, आणि जे तुम्हालाही कळलं नाही ते दोघींनी मिळून शोधायचं, तेही एक प्रकारचं डिटेक्टिव्हचंच काम आहे.

मी कॅलिफोर्नियात सॅन राफेलजवळ राहते, लुकासआर्ट्स पूर्वी तिथे होतं, त्यामुळे इथे या जोडीचे जुने चाहते भेटतात आणि २००४ चा विषय निघाला की अजून हळहळतात. १९९३ च्या गेमचा पुढचा भाग बनत होता आणि मार्च २००४ मध्ये कंपनीने तो रद्द केला. लोकांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या, काही उपयोग झाला नाही. मग तिथून बाहेर पडलेल्या काही जणांनी त्याच वर्षी टेलटेल नावाचा स्टुडिओ सुरू केला आणि २००६ पासून सॅम-मॅक्सचे छोटे छोटे भाग काढायला लागले. टेलटेल २०१८ ला बंद पडलं, तर तिथल्याच काहींनी स्कंकेप नावाने हे भाग पुन्हा नीट करून आणले, पहिला सीझन २०२० च्या डिसेंबरात, शेवटचा २०२४ ला. ज्या ज्या वेळी ही जोडी संपली असं वाटलं त्या त्या वेळी तिच्यावर काम केलेल्या माणसांनीच तिला परत उचललंय. म्हणून मला हिचं फार कौतुक आहे.

खटला_क्रमांक_दोन

बटावणी, शेजारी तिसरं कोणी असेल तर, हा मुद्दा मला मान्य. मी एकट्याने खेळलो होतो.

फेकण्यासाठी एक सांगून ठेवतो, तिला उपयोगी पडेल. व्हीआरमध्ये कंट्रोलर तुमच्या हातातून सुटत नाही, बटण सोडता त्या क्षणी हाताचा जो वेग आणि जी दिशा असेल त्यावर गेम ठरवतो वस्तू कुठे जाणार. आपण खरा चेंडू फेकतो तेव्हा बोटं कधी सुटली याचा विचारच करत नाही, इथे तो करावा लागतो. बहुतेक जण उशिरा सोडतात, हात खाली आल्यावर, आणि वस्तू पायाशी पडते. हात पुढे जात असतानाच, कानाच्या थोडं पुढे आला की सोडायचं. आणि जोर लावायचा नाही. आधी कुठल्यातरी रिकाम्या जागेत नुसता सराव करू द्या, गोष्ट पुढे न्यायची घाई नको.

जुना_माउस

ताई, शेवटचं एक सुचवतो आणि थांबतो. व्हीआरच्या आधी, पहिल्या एकदोन दिवसांत, लॅपटॉपवर टेलटेलच्या पहिल्या सीझनमधला 'रिॲलिटी २.०' हा भाग दोघींनी मिळून खेळा. २००७ चा आहे. त्यात काय होतं, सॅम-मॅक्सच्या गल्लीतली सगळी माणसं व्हीआरचे गॉगल घालून बसलीयत आणि बाहेर यायलाच तयार नाहीत, मग या दोघांनाही गॉगल चढवून आत जावं लागतं. तीच गल्ली, तीच दुकानं, पण गॉगल घातला की सगळं गेमच्या जगासारखं दिसतं, दुकानदार एकदम जादूच्या दुनियेतला योद्धा झालेला असतो. गॉगल काढायचा, घालायचा, एका जगातली गोष्ट दुसऱ्या जगात वापरायची, यावरच सगळी कोडी आहेत. आणि गुन्हेगार कोण निघतो माहितीय, जाऊ दे, सांगत नाही. शेवटी शेवटी सगळी चित्रंच गायब होतात आणि पडद्यावर नुसती अक्षरं उरतात, जुन्या काळच्या टेक्स्ट गेमसारखी, 'उत्तरेला जा' टाइपचं, आणि तरीही हसू थांबत नाही. हेडसेट फारसा कोणाच्या घरात नव्हता तेव्हा हे केलंय यांनी.

ते सिंगल भाग वेगळे मिळत नाहीत, अख्खा सीझन घ्यावा लागेल, सहा भाग आहेत. सेलमध्ये घ्या, स्वस्त पडतो. साध्या लॅपटॉपवर चालतो. चौथ्या भागात मॅक्स अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो, तोही तिला दाखवा.

यातून तिला या दोघांचे आवाज आणि सवयी कळतील, मग ते समोर येऊन उभे राहिले की ओळखीचे वाटतील. मॅक्सला कमरेएवढ्या उंचीवर बघितल्यावर ती काय म्हणते ते मला नक्की इथे येऊन सांगा, मी वाट बघेन.

दुपारचा_चहा

नक्की सांगेन! सीझन आत्ताच विशलिस्टला टाकला. शेल गेम्सचा पण घेणारे, आधी बसून खेळायचा तो, मग हा, असं ठरवलंय, म्हणजे सवय होईल. एकच राहिलं, चष्म्याचं काय करायचं? काढून खेळली तर चालेल का?

लेन्सवाली

काढायची गरज नाही. क्वेस्ट २ च्या खोक्यात एक काळी प्लास्टिकची चौकट येते, चष्म्यासाठीची, स्पेसर म्हणतात. फोमचा भाग ओढून काढायचा, मध्ये ती चौकट बसवायची, वरून फोम पुन्हा दाबायचा. त्याने भिंग आणि चष्मा यात अंतर राहतं नाहीतर एकमेकांना घासून दोन्हीवर ओरखडे येतात. दिरांना विचारा खोकं ठेवलंय का. हेडसेट घालताना आधी पुढून चष्म्यावर टेकवायचा आणि मग पट्टा मागे घ्यायचा, काढताना आधी पुढचा भाग सरळ पुढे ओढायचा, वर नाही, नाहीतर चष्मा आतच अडकून येतो. भिंग पुसायला कोरडं मायक्रोफायबरच, स्पिरिट किंवा कोलीन अजिबात नको. आणि खेळून झाल्यावर उन्हात टेबलावर ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते.